मसाल्यासोबत एक प्रकरण फुकट

नावं बदलण्यावर कामिनीनं फार मेहनत घेतली होती. हेडाऊ हे आडनाव तिनं काढून टाकलं, नागपूरचं भंडारा केलं, मसाल्याचं दुकान मोडून कापड रंगवायचा कारखाना थाटला आणि नवऱ्याच्या भागीरथाआत्याची गोदी केली. घरातलं एकही माणूस पुस्तकात ओळखू येणार नाही अशी तिची खात्री होती. मग तिच्याच पोरानं, ऋषिकेशनं, त्या पुस्तकातलं एक प्रकरण वेगळं छापून घेतलं आणि हेडाऊंच्या सावजी मसाल्याच्या पाकिटाला जोडून इतवारीतल्या दुकानातून गावभर वाटलं. पाकिटावर तिच्या सासऱ्यांचा, मनोहररावांचा, फेट्यातला फोटो होता. एवढी झाकपाक करून शेवटी पाटी दारावरच लागली.

कल्पना वाईट आहे असं आधी कुणालाच वाटलं नव्हतं. वानगी दिल्याशिवाय माल विकायचा नाही ही दुकानाची मनोहररावांच्या वडिलांपासूनची रीत. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, आधी त्याच्या तळहातावर चिमूटभर मसाला ठेवायचा, त्यानं जीभ लावली की मग भावाचं बोलायचं. "मसाल्याची वानगी देतो, तर पुस्तकाची काहून नाही द्यायची?" असं ऋषिकेश म्हणाला तेव्हा सुशीलला आपला पोरगा पहिल्यांदाच धंद्यातला वाटला. "आईचं नाव कोणाले माहीत आहे, बाबा? अनोळखी बाईचं पुस्तक कोण घेते? आधी फुकट चाखू द्या. चव लागली तर पब्लिक स्वतः मागायले येते."

नवी वानगी घरातल्या वडीलधाऱ्यानं पहिल्या गिऱ्हाइकाला आपल्या हातानं द्यायची, हीही रीतच. म्हणून पहिलं पाकीट मनोहररावांच्या हातून गेलं. पाकिटाला जोडलेल्या चार पानी घडीत काय छापलं आहे ते त्यांनी पाहिलं नाही. ते गोष्टीची पुस्तकं वाचत नसत. आपल्या घरात काय कमी गोष्टी झाल्या, असं ते म्हणायचे.

प्रकरण सातवं निवडलं, कारण ऋषिकेशला तेच सगळ्यांत तिखट लागलं. वरात गावात आली आहे, गोदी आतल्या खोलीत हळदीनं माखून बसली आहे, आणि जानोशावर, वऱ्हाड उतरलं होतं तिथं, निरोप जातो की मुलगी नाही म्हणते. वरात बँड न वाजवता परत जाते. प्रकरण तिथं संपतं. त्याखाली ऋषिकेशनं ठळक अक्षरांत टाकलं होतं, 'पुढे काय झालं? पुस्तक घ्या, वाचा.'

पहिल्या खेपेला घडी मसाल्याच्या आतल्या पिशवीतच गेली होती. लोक वाचता वाचता डोळ्यांना हात लावत आणि घळाघळा रडत. "वहिनीनं लय हृदयस्पर्शी लिहिलं," असे फोन आल्यावर हे मिरचीचं पाणी आहे हे सुशीलच्या लक्षात आलं आणि पुढच्या खेपेपासून घडी बाहेरून चिकटवली. त्यानंतरही फोन येत राहिले, पण त्यांचा सूर बदलला होता. "सुशीलभाऊ, हे तुमच्या भागीरथाबाईचंच ना गा?" इतवारीतल्या जुन्या माणसांना पन्नास वर्षांपूर्वीची ती वरात अजून आठवत होती. उमरेडहून आली होती, चंद्रभान नावाच्या मुलाची. ज्यांना आठवत नव्हती त्यांना आठवणारे सांगत होते.

पुस्तकाचं प्रकाशन पुढच्या रविवारी ठरलं होतं. सभागृह घेतलं होतं, प्रतींची खोकी नंदनवनच्या घरात जिन्याखाली येऊन पडली होती. आणि या रविवारी सकाळी, जेवणाआधी, भागीरथाबाई महाल भागातल्या आपल्या घरून ई-रिक्षा करून आल्या. न कळवता. त्या कधी न कळवता येत नसत. त्यांच्या हातात ती चार पानी घडी होती.

गॅलरीतून त्यांना उतरताना पाहून सुशील थेट स्वयंपाकघरात गेला.

"आत्या आली."

"या म्हणा ना," कामिनी म्हणाली. ती वांग्यांना चिरा देत होती.

"कागद हातात घेऊन आली. तुह्या पुस्तकाचा."

कामिनीचा हात थांबला. सात वर्षं ती शाळा सांभाळून हे पुस्तक लिहीत होती, आणि सात वर्षं तिला याच सकाळची भीती होती. फक्त तिच्या कल्पनेत ती सकाळ प्रकाशनानंतर येणार होती. तोवर पुस्तक लोकांच्या हातात गेलेलं असणार होतं आणि कुणाला ते परत घेता येणार नव्हतं.

"मी सांगून राहिलो तुले," सुशील आवाज दाबून म्हणाला, "बाबा एका शब्दात बंद करतील कार्यक्रम. आत्याच्या डोळ्यात पाणी आलं की झालं. तिच्यासाठी बाबा काहीही करतात. तुले माहीत आहे."

ते तिला माहीत होतं. साऱ्या नात्यात माहीत होतं. महालातल्या दोन खोल्या मनोहररावांनी बहिणीच्या नावावर घेऊन दिल्या होत्या, तेही अशा काळात जेव्हा बाईच्या नावावर कुणी सायकलसुद्धा घेत नसे. दिवाळीचं पहिलं लुगडं भागीचं. नव्या मिरचीची पहिली वानगी भागीकडे, ती हो म्हणाली तरच माल भरायचा. घरच्या बायका नवऱ्यांना सुनवायच्या, "भाऊ असावा तर मनोहररावांसारखा."

"पुढच्या प्रकरणात आत्याची सुटका आहे," कामिनी म्हणाली. "अर्धंच वाचलं म्हणून वाईट दिसतं. आठव्यात कळतं की गोदी नाही म्हणालीच नव्हती."

"मग कोण म्हणालं?"

कामिनीनं विळी बाजूला सरकवली. पुस्तक छापून आलं तरी सुशीलनं ते वाचलं नव्हतं. मुखपृष्ठ पाहून चांगलं झालं म्हणाला होता.

"भाऊ," ती म्हणाली. "भाऊ जानोशावर जातो आणि परस्पर सांगतो, मुलगी नाही म्हणते. तिला न विचारता. कारण कारखाना तिच्या हातावर चाललेला असतो, आणि तो हात लग्न होऊन जाणार असतो."

हे समजायला सुशीलला थोडा वेळ लागला. हेडाऊंचा मसाला भागीरथाआत्याच्या हाताचा, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. कोणता जिन्नस किती भाजायचा, दगडफूल कधी टाकायचं, सगळं तिचं. आजही कारखान्यात तिनं लावलेल्या मापानंच कूट होतं.

"हे तुले कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं. शेवटच्या आजारपणात. तुमच्या बाबांनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हे ओझं मला घेऊन नाही जायचं. म्हणूनच त्या आयुष्यभर आत्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या."

"अन् तू ते छापलं."

"नावं बदलून."

ऋषिकेश दारात येऊन उभा होता. "आई बरोबर आहे, बाबा. भागीरथाआजीले सांगा ना की पुढे ट्विस्ट आहे. ती निर्दोष आहे. विषय एंड."

"तू चूप राय!" सुशील पोरावर गेला. "ट्विस्ट म्हणे! त्या ट्विस्टमध्ये आबा आहेत तुहे. पाकिटावर फोटो आहे त्यांचा." मग बायकोकडे वळून तो जे म्हणाला ते त्यालाही म्हणताना आवडलं नाही. "आत्याले जे वाटून राहिलं ते वाटू दे. लोकं पन्नास वर्षांपासून तेच बोलतात. दोन दिवस रागवंल, मग विसरंल. आठवं प्रकरण नाही निघालं पाहिजे कोणाच्या तोंडून."

याच आत्यानं त्याला गोवरात मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. कामिनी त्याच्याकडे पाहत राहिली, तसा तो बाहेर निघून गेला.

मनोहरराव समोरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. बहीण त्यांच्या समोरच्या खुर्चीत. पाणी देऊन झालं होतं, महालातला पाणीपुरवठा बोलून झाला होता. घडी भागीरथाबाईंच्या मांडीवर होती आणि मनोहररावांची नजर पुन्हापुन्हा तिच्यावर जात होती. काल इतवारीतल्या एका दलालानं त्यांना हसत हसत सांगितलं होतं, की तुमच्या सुनेनं बहिणीची वरात मसाल्यात घातली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ती घडी उघडली आणि चष्मा लावून वाचली. सून काय लिहिते ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. 'मुलगी नाही म्हणते.' हे तीन शब्द आपल्याशिवाय कुणाचेच नव्हते, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. आणि बायकोला, पंचफुलेला. पण ती गेली.

त्यांनी ठरवून ठेवलं होतं. भागीच्या आधी आपणच बोलायचं.

"सुशील, तुह्या बायकोले बोलाव," ते म्हणाले. सगळे आल्यावर त्यांनी आवाज चढवला. "कामिनी, हे पुस्तक निघणार नाही. माह्या बहिणीची इज्जत चौकात मांडली तुम्ही. अन् मी माह्या हातानं वाटली. तो कार्यक्रम-बिर्यक्रम रद्द करा. खोकी परत पाठवा."

"मामाजी..."

"एक शब्द नाही. भागीले काय वाटलं असंल? कोण बोललं का तुले, भागी? कोण काही बोललं?"

त्यांच्या आवाजातलं प्रेम खरं होतं. भीतीही तितकीच खरी होती. दोन्हींचं इतके दिवस एकत्र राहणं झालं होतं की कोणतं कुठं संपतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुशीलनं लगेच वडिलांची बाजू धरली. "बाबा बरोबर म्हणून राहिले. मीपण तेच म्हणत होतो. आत्या, तू मनावर घेऊ नको. लेकरानं केलं, चुकलं."

"मी नाही चुकलो," ऋषिकेश म्हणाला. "सत्तर पुस्तकांचं बुकिंग आलं आहे."

"आत्या," कामिनी म्हणाली. तिला आपला आवाज कसा निघतो आहे ते ऐकू येत होतं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मी..." पुढचं वाक्य 'पुस्तक थांबवते' असं व्हायला हवं होतं, आणि ते तिच्याच्यानं पूर्ण होईना.

भागीरथाबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होत्या.

"काय लावलं वं तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मले राग आला असं कोन म्हनलं?"

सुशील बायकोकडे बघायला लागला.

"मी तर पुढचं आयकाले आली," त्या म्हणाल्या. "इथं लिहून हाय ना, पुढं काय झालं, पुस्तक घ्या म्हनून. म्हनलं, घ्यायचं कायले, घरचंच हाय. कामिनी वाचून दाखवंल."

ऋषिकेशला हसू फुटलं. सुशीलनं त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्याच्याही खांद्यांवरचं ओझं थोडं उतरलं होतं.

भागीरथाबाईंना काय झालं होतं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. शेजारच्या गोपिकेनं मसाला आणला आणि घडी वाचून दाखवली. मग त्यांनी ती स्वतः वाचली, नव्या चष्म्यानं, एकेका ओळीवर बोट ठेवून. वरात परत गेलेली, एवढंच नाव त्यांना जन्मभर होतं. लग्नाकार्यात हळदीकुंकवाला लोक त्यांना टाळून पुढे जात, कुणी वाईट बोलत नसे, फक्त टाळत. आणि आता गोपिकेची कॉलेजातली पोरगी त्यांच्या खोलीत येऊन म्हणाली, "आजी, तुम्ही नाही म्हटलं? त्या काळात? भर मांडवात?" तिचे डोळे मोठे झाले होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तो पराक्रम वाटला होता. त्या रात्री भागीरथाबाईंना लवकर झोप लागली नाही, आणि ते दुःखानं नव्हतं.

"लय बराबर लिहिलं तू," त्या कामिनीला म्हणाल्या. "ते खोलीतलं. हळद वाळून गाल ओढते ते. तुले कसं समजलं वं? मी तर कोनाले सांगितलं नाही."

"सुचलं," कामिनी म्हणाली.

"मंग वाच ना पुढचं."

"राहू दे आता, भागी," मनोहरराव म्हणाले. "जेवन करू. मग पाहू."

"जेवन पळून चाललं का, दादा? वाच वं."

ऋषिकेश तोवर जिन्याखालचं खोकं फोडून एक प्रत घेऊनही आला होता. त्यानं ती आईच्या हातात दिली. सुशील बायकोकडे पाहून मान हलवत होता, नको, नको. कामिनीनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आठव्या प्रकरणात काय आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांना ठाऊक आहे हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं.

तिला काहीही वाचता आलं असतं. चौथं प्रकरण वाचलं असतं, त्यात पुराची गंमत होती. आत्यांना पत्ता लागला नसता. पण सात वर्षं ती जे खरं म्हणून लिहीत होती ते ऐकायला, जिच्याविषयी लिहिलं तीच पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन बसली होती. आणि, हेही खरंच, कोणत्या लेखकाला ते वाचून दाखवावंसं वाटणार नाही? कामिनीनं पान काढलं.

"गोदीनं नाही म्हटलं, असं गाव म्हणत राहिलं," तिनं वाचायला सुरुवात केली. "पण गोदीला कुणी विचारलंच नव्हतं. निरोप घेऊन विठोबा स्वतः जानोशावर गेला होता. त्यानं नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मुलगी नाही म्हणते, आम्ही शरमिंदे आहोत. परत येताना तो रडला. पण घरी आल्यावर त्यानं सगळ्यांत आधी कारखान्याचं दार उघडं आहे ना ते पाहिलं. रंगाची सगळी हातोटी गोदीची होती. ती गेली असती तर दोन वर्षांत तिथं कुलूप लागलं असतं."

ती पान उलटायला थांबली.

"एवढंच?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"अजून आहे."

"राहू दे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सुशील पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा डाग घासत होता.

"दादा," भागीरथाबाई म्हणाल्या, "तो विठोबा तू हाय का?"

मनोहररावांना खोटं बोलता आलं असतं. गोष्ट आहे, सुनेनं बनवली, असं म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांनी ते आनंदानं धरून ठेवलं असतं. पण शहात्तराव्या वर्षी माणसाला उभं राहायचाच कंटाळा येतो, तसा त्यांना या गोष्टीचा आला होता.

"हाव," ते म्हणाले. "मीच गेलो होतो. मीच म्हनलं. तुले इचारलं नाही. दुकानासाठी केलं मी, भागी. बाबा गेले होते, दुकान टेकीले आलं होतं, तुह्या हाताशिवाय काहीच नव्हतं आपल्याजवळ. तुह्या जन्माचं वाटोळं केलं मी."

त्यांनी हात जोडले. मोठा भाऊ धाकट्या बहिणीपुढे हात जोडतो आहे हे पाहून सुशीलनं मान फिरवली.

"मले जायचंच नव्हतं," भागीरथाबाई म्हणाल्या.

"काय?"

"उमरेडले. मले जायचंच नव्हतं, दादा. चंद्रभान मानूस काही वाईट नव्हता. पर मले आपलं घर, ते कूट, ते दुकान, हेच गोड वाटे. तिथं जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायचं म्हनलं का छातीत धडकी भरे. कसं सांगावं, कोनाले सांगावं, हेच चालू होतं डोक्यात. हळद लागून बसली होती तवा तू आत आला होता, समई न्याले. आठवते तुले?"

मनोहररावांना आठवत नव्हतं.

"मी तुह्याकडं पाह्यलं. तू बी पाह्यलं. अन् मंग बाया सांगत आल्या का वरात फिरली, पोरगी नाही म्हनते म्हनून."

ते ऐकता ऐकता मनोहररावांच्या चेहऱ्यात काहीतरी सैल होत गेलं. आधी कपाळ, मग जबडा. त्यांना आधी नीट विश्वास बसेना, मग बसला, आणि बसला तसे ते उघड रडायला लागले. रडता रडताच त्यांना हसू येत होतं.

"म्हंजे तुह्या मनासारखंच झालं?" त्यांनी विचारलं. "तुहं वाईट नाही झालं?"

"नाही गा. वाईट काहून होईल?"

"अन् मी पन्नास वर्षं... देवा रे! अगं, पन्नास वर्षं मले धड झोप नाही. पंचफुला त्याच घोरात गेली. तू सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाही?"

"घ्या!" सुशील मोठ्यानं म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की तो टाळीच वाजवणार होता. "म्हणजे कोणाचंच काही चुकलं नाही. आत्याले जायचं नव्हतं, बाबांनी नाही पाठवलं. पुस्तकपण खरं, वानगीपण खरी. कामिनी, वाढ पानं. बाबा, कार्यक्रम होऊ द्यायचा ना मग?"

"होऊ द्या, होऊ द्या," मनोहरराव डोळे पुसत म्हणाले. "मी स्वतः येतो. भागी अन् मी पुढच्या रांगेत बसतो. कोन काय बोलते ते पाहतो मी."

ऋषिकेशनं तिथल्या तिथं मोबाइल काढला. आबा आणि आजी दोघंही मंचावर आले तर काय बहार येईल, हे तो बापाला सांगू लागला, आणि दहा मिनिटांपूर्वी त्याला चूप राय म्हणणारा बाप ते कान देऊन ऐकू लागला. घर पुन्हा एका बाजूचं झालं होतं.

कामिनी तेवढी जागची हलली नाही. सात वर्षांत तिनं सासूकडून ऐकलं, जुने फोटो पाहिले, जानोशाची जागा पाहून आली, उमरेडलासुद्धा जाऊन आली. महालात जाऊन आत्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना दुखवायचं नाही म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती. खरं म्हणजे त्या काय सांगतील हे आपल्याला माहीतच आहे असं तिनं धरलं होतं. विठोबानं तरी दुसरं काय केलं होतं? तिला स्वतःची फार लाज वाटली.

आणि ती आत्यांकडे पाहत होती म्हणून तिला दिसलं. आत्या हसत नव्हत्या.

"आत्या," ती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "काय झालं?"

भागीरथाबाईंनी समोर पाहिलं. भाऊ नातवाला विचारत होता, मंचावर फेटा घालू का टोपी. त्याला इतकं मोकळं त्यांनी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"काही नाही वं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मभर मले वाटे, का दादाले समजलं होतं. मी तोंडानं नाही बोलली, तरी त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् त्याले समजलं. लोकं काय काय बोलत. मी म्हने, बोला. माह्या घरात एका मानसाले माहं मन समजते." त्यांनी मांडीवरची घडी सारखी केली. "त्या दिवशी तो नुसता समई न्याले आला होता."

कामिनी त्यांच्या आणखी जवळ सरकली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी काढून टाकते ते प्रकरण," ती शेवटी म्हणाली. हे वाक्य या वेळी तिच्याच्यानं पूर्ण झालं. "प्रती परत पाठवते. कार्यक्रम पुढे ढकलू. तुम्ही सांगाल तसं लिहीन."

"नोको. खरं हाय ते, राहू दे. मेहनत हाय तुही." भागीरथाबाईंनी मांडीवरची घडी उचलली, आधीच्याच घड्यांवर पुन्हा दुमडली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. ऋषिकेशनं पुढे केलेलं पुस्तक त्यांनी घेतलं नाही. "मले आपलं हेच पुरे. फुकटात देलं होतं ना तुम्ही, तेवढंच बरं होतं."